रोजची की उद्याची?

'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतली ही ओळ मराठीच्या तोंडी इतकी बसली आहे की तिच्यात काही खटकावं असं कुणाला वाटत नाही. पण एकदा ती सावकाश म्हणून पाहा. 'रोजची' आणि पाठोपाठ 'आज'. बोलताना आपण 'आजची मजुरी आज द्या' म्हणतो, नाहीतर 'रोजचे पैसे रोज द्या' म्हणतो. 'रोजची मजुरी आज द्या' म्हटलं की ऐकणारा क्षणभर थांबतो, कारण त्याला नक्की कुठला दिवस मोजायचा ते कळत नाही. ही अडखळण मराठी भाषांतरकारांनी केलेली नाही. एका ग्रीक विशेषणाने ती केली आहे, आणि जगातल्या जवळजवळ प्रत्येक भाषेत ती कुठल्या ना कुठल्या रूपात उतरली आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानात (६:११) मूळ ओळ अशी आहे: 'तोन आर्तोन हेमोन तोन एपिऊसिओन दोस हेमिन सेमेरोन.' आर्तोन म्हणजे भाकर, हेमोन म्हणजे आमची, दोस म्हणजे दे, हेमिन म्हणजे आम्हांला, सेमेरोन म्हणजे आज. ग्रीक शिकायला बसलेल्या माणसाला हे शब्द पहिल्या दोन महिन्यांत येतात. राहिला तो 'एपिऊसिओन', मूळ रूप 'एपिऊसिओस'. तो दोन महिन्यांत येत नाही आणि वीस वर्षांतही येत नाही, कारण तो दुसरीकडे कुठे भेटतच नाही.

नव्या करारात तो दोनदा येतो, मत्तयमधल्या प्रार्थनेत आणि लूकमधल्या (११:३) त्याच प्रार्थनेत. तिसरी जागा 'दिदाखे' या प्राचीन ख्रिस्ती शिकवणीच्या आठव्या अध्यायात आहे, पण तिथेही हीच प्रार्थना उद्धृत केलेली आहे. म्हणजे तीन जागा आणि साक्षीदार एकच. होमरपासून पुढचं एवढं प्रचंड ग्रीक वाङ्मय, नाटकं, इतिहास, वैद्यक, कायदा, कुठेही हा शब्द नाही. तिसऱ्या शतकात, २३३च्या सुमारास, ख्रिस्ती पंडित ओरिगेन प्रार्थनेवर लिहायला बसला तेव्हा त्यालाही हेच दिसलं. अलेक्झांड्रियात वाढलेला, ग्रीक ही स्वतःचीच भाषा असलेला, कमालीचा वाचलेला माणूस. तो सांगतो की हा शब्द ग्रीक विद्वानांपैकी कुणी वापरलेला नाही आणि सामान्य लोकांच्या बोलण्यातही नाही. शुभवर्तमानकारांनी तो घडवलेला दिसतो. मातृभाषा बोलणाऱ्यालाच अर्थ शोधावा लागला, यातच सगळं आलं.

बरं, 'रोजची' एवढंच म्हणायचं असतं तर ग्रीकमध्ये शब्दांचा तुटवडा नव्हता. याकोबाच्या पत्रात (२:१५) उघडे आणि रोजच्या अन्नाला महाग झालेले बंधुभगिनी आहेत, तिथे 'एफेमेरोस' आहे. प्रेषितांच्या कृत्यांत (६:१) विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं, तिथे 'काथेमेरिनोस' आहे. दोन्ही चलनी नाणी. हातात ती असताना प्रार्थना ग्रीकमध्ये आणणाऱ्याने नवीन नाणं पाडलं. येशू अरामी बोलत होता, तेव्हा एपिऊसिओस हेही भाषांतरच. अरामी शब्दात असं काहीतरी होतं जे 'एफेमेरोस'मध्ये मावलं नाही, असं मानायला इथे जागा आहे.

अशा एकाकी शब्दाचा अर्थ काढायचा तर पहिली पायरी म्हणजे त्याची फोड, आणि इथे संस्कृत-मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा बरंच सोपं जातं, कारण सगळा वाद संधीचा आहे. 'एपि' हा उपसर्ग. आपल्या 'अपि'चा भाऊ, अर्थ 'वर', 'कडे', 'साठी'. पुढचा 'ऊसिओस' कुठून आला यावर दोन पक्ष. एक म्हणतो, 'ऊसिआ' या नामावरून, म्हणजे अस्तित्व, सत्त्व. हे नाम 'असणे' या क्रियापदाच्या 'ऊसा' या स्त्रीलिंगी कृदंतावरून झालं. संस्कृतात अस् धातूवरून सत् आणि सती होतात, तशीच ही ऊसा. या पक्षाचा अर्थ: अस्तित्वासाठी लागणारी भाकर. दुसरा पक्ष म्हणतो, शब्द आला 'एपिऊसा'वरून, म्हणजे 'जवळ येत असलेली'. हे 'जाणे-येणे'च्या धातूचं कृदंत. संस्कृतात हाच इ धातू: एति, यत्, यती, आणि आपल्या 'येणे'पर्यंत तोच उतरत आलाय. या पक्षाचा अर्थ: येणाऱ्या दिवसाची भाकर. थोडक्यात, भाकर अस् धातूची की इ धातूची, एवढाच प्रश्न आहे.

आता संधी पाहा. आपल्याकडे 'इति' आणि 'आदि' जवळ आले की 'इ'चा 'य्' होतो, इत्यादि. ग्रीकमध्ये 'एपि'पुढे स्वर आला की तो 'इ' सरळ गळतो. ऊरानोस म्हणजे स्वर्ग. याच प्रार्थनेच्या पहिल्या ओळीतला शब्द. त्याला एपि लावला की 'एपूरानिओस' होतं, 'एपिऊरानिओस' होत नाही. याहून चोख पुरावा हवा असेल तर 'एपेइमि' हे रूप घ्या. ग्रीकमध्ये ही दोन क्रियापदं आहेत आणि दोघांचं वर्तमानकाळी पहिल्या पुरुषाचं रूप अक्षरशः सारखं लिहिलं जातं. एक 'असणे'पासून, 'वर असणे'; दुसरं 'जाणे'पासून, 'जवळ येणे'. पण स्त्रीलिंगी कृदंत केलं की जुळी भावंडं वेगळी दिसू लागतात. 'असणे'वालं होतं एपूसा, कारण उपसर्गाचा इ गळला. 'येणे'वालं होतं एपिऊसा. तिथेही उपसर्गाचा इ गळलेलाच आहे. जो दिसतो तो धातूचा स्वतःचा. म्हणजे 'अस्तित्व' पक्ष खरा असता तर प्रार्थनेत 'एपूसिओस' दिसायला हवं होतं. मध्ये उभा असलेला तो एक 'इ' धातूची सही आहे.

ओरिगेनने स्वतः अस्तित्वाचा पक्ष घेतला आणि आधाराला 'पेरिऊसिओस' हा शब्द दिला. जुन्या करारातल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या ग्रीक भाषांतरात (१९:५) देव इस्राएलाला 'माझी खास ठेव' म्हणतो तिथे तो आहे. वरवर जोडी जुळते. पण 'पेरि' हा उपसर्ग ग्रीक गद्यात आपला इ कधीच सोडत नाही आणि 'एपि' सहसा सोडतो. दोघांना एकाच तराजूत घालता येत नाही. एवढा मोठा पंडित इथे कसा फसला याचं नवल वाटतं; कदाचित त्याला भाकरीत आधीच जे हवं होतं ते व्याकरणातही दिसलं. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. 'एपि'चा इ टिकलेले काही शब्द आहेत. सौम्य या अर्थाचा 'एपिएइकेस' हा त्यातला नेहमीचा. तिथे मुळात मधे 'व'सारखं व्यंजन होतं, ते पुढे उच्चारातून गेलं आणि इ मागे राहिला. ऊसिआमध्ये असं कुठलंही हरवलेलं व्यंजन नाही. दरवाजा पूर्ण बंद होत नाही, पण फट बारीक आहे.

दुसरी पायरी: ज्यातून शब्द निघाला ते कृदंत लोक कसं वापरत होते? एपिऊसिओस विशेषण कुठे मिळत नसलं तरी 'एपिऊसा' भरपूर मिळतं, आणि 'हेमेरा' म्हणजे दिवस हा शब्द न लावताही त्याचा अर्थ 'पुढचा दिवस' होतो. आपण 'येत्या सोमवारी'मधला सोमवार गाळून नुसतं 'येत्याला' म्हणावं, तसं. प्रेषितांच्या कृत्यांत पौल त्रोवसहून गलबताने निघतो, समथ्राकेला पोचतो आणि एपिऊसाला नियापोलिसला (१६:११). त्या पुस्तकात हे रूप पाच वेळा आलंय, एकदा दिवसाऐवजी रात्रीला लावून. नीतिसूत्रांच्या ग्रीक भाषांतरात (२७:१) तर दोन्ही शब्द शेजारी बसलेत: उद्याच्या गोष्टींची फुशारकी मारू नकोस, कारण एपिऊसा काय प्रसवेल हे तुला ठाऊक नाही.

मात्र एपिऊसा म्हणजे दर वेळी 'उद्या'च असं धरलं तर चुकतं. प्लेटोच्या 'क्रितो' संवादात सॉक्रेटिस तुरुंगात आहे. देलोसहून गलबत आलं की दुसऱ्या दिवशी त्याला विष घ्यायचंय. क्रितो भेटायला येतो तेव्हा अजून उजाडलेलं नाही, बाहेर मिट्ट पहाट आहे. सॉक्रेटिस म्हणतो, मला वाटतं गलबत एपिऊसा दिवशी येणार नाही, त्याच्या पुढच्या दिवशी येईल. इथे एपिऊसा दिवस म्हणजे तासाभराने उजाडणारा. आपण त्याला 'आज' म्हणू. म्हणजे शब्द एकच, आणि तो कुठल्या दिवसाकडे बोट दाखवतो हे बोलणारा पहाटे बोलतोय की संध्याकाळी यावर ठरतं. दिदाखेमध्ये ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असं सांगितलंय. पहाटे म्हटली तर भाकर उजाडणाऱ्या दिवसाची, संध्याकाळी म्हटली तर उद्याची. त्यात ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. तेव्हा संध्याकाळी 'येणारा दिवस' हा काही झोपेपलीकडचा नसतो, तो दारात येऊन उभा असतो.

'उद्याची भाकर' हा अर्थ मांडला की एक हरकत ठरलेली येते. मत्तयच्या त्याच अध्यायात तेवीस ओळी पुढे येशू म्हणतो, उद्याची चिंता करू नका. मग तोच उद्याची भाकर मागायला कसा शिकवेल? ही हरकत मला नेहमी पोटभर जेवलेल्या माणसाची वाटते. ज्याला उद्याची भ्रांत आहे त्याच्या दृष्टीने पाहा. मत्तयच्याच विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातले मजूर आहेत. रोज एक दिनार ठरलेली, आणि संध्याकाळ झाल्यावर मालक कारभाऱ्याला सांगतो, बोलव त्यांना, मजुरी दे. मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत अडकवून ठेवू नये हा लेवीयमधला (१९:१३) जुना नियम आहे. 'अनुवाद' नावाच्या बायबलमधल्या पुस्तकात (२४:१५) तर कारणही दिलंय, तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला असतो. हा पैसा संध्याकाळी हातात पडतो. त्यातून धान्य आणायचं, पहाटे बायकोने जात्यावर दळायचं, मळायचं, भाजायचं. आज मिळालेली मजुरी ही उद्याची भाकर असते. हातावर पोट असलेल्याने संध्याकाळी 'उद्याची भाकर आज दे' म्हणणं ही चिंता नाही. हा त्याचा रोजचा हिशोब आहे, आणि तो जमला तरच रात्री डोळा लागतो.

त्या काळचा हा हिशोब आपल्याला चांगला सापडतो. २००च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या ज्यूंच्या नियमसंग्रहात गरिबांच्या हक्काचं प्रकरण आहे, 'पेआ' नावाचं. त्यात (८:७) म्हटलंय की गावोगाव फिरणाऱ्या गरिबाला, एका सेला नाण्याला चार सेआ (धान्याचं माप) धान्य असा भाव असताना, एका पोंदिओनच्या भाकरीहून कमी देऊ नये. सेला म्हणजे चार दिनार, पोंदिओन म्हणजे दिनाराचा बारावा हिस्सा. तो रात्री मुक्कामाला राहिला तर रात्रीची सोय द्यावी. शब्बाथभर राहिला तर तीन जेवणं. पुढचा नियम आणखी बारीक. ज्याच्याकडे दोन जेवणांपुरतं आहे त्याने रोजच्या सार्वजनिक थाळीतून घेऊ नये, आणि ज्याच्याकडे चौदा जेवणांपुरतं आहे त्याने आठवड्याच्या पेटीतून घेऊ नये. दोन जेवणं म्हणजे एक दिवस, चौदा म्हणजे एक आठवडा. आपल्याकडेही 'दोन वेळचं' म्हटलं की पुढे 'जेवण' म्हणावं लागत नाही. एपिऊसिओस शब्द ज्या जगात घडला ते असं दोन वेळचं मोजणारं जग होतं. 'सत्त्वातीत भाकर' ही तिथली भाषा वाटत नाही.

रानात देवाने इस्राएलाला पुरवलेल्या अन्नाची, मान्न्याची, गोष्टही याच मापाची आहे. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात माणशी एक ओमेर, साधारण दोन लिटरचं माप, रोज वेचायचं. सकाळपर्यंत उरवलं की किडे पडून घाण सुटायची. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, म्हणजे दोन ओमेर, आणि तो साठा मात्र दुसऱ्या दिवशी खराब होत नसे. उद्याची भाकर आज मिळण्याचा तेवढा एकच वार. प्रार्थनेचा मूळ अर्थ त्या सहाव्या दिवसाच्या ओंजळीत असावा, असं सुचवणारे आहेत, आणि कल्पना म्हणून मला ती आवडते. पुरावा म्हणून तिच्यावर फार भार टाकता येत नाही.

तिसरी पायरी जुनी भाषांतरं. भाषांतरकार ग्रीकच्या जितका जवळ, तितकी त्याची साक्ष मोलाची. पण इथे साक्षीदार एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. जुन्या सिरियाकने 'कायमची' भाकर म्हटलं, नंतरच्या पेशित्ता या सिरियाक भाषांतराने 'आमच्या गरजेची'. इजिप्तमधल्या कॉप्टिकच्या दोन बोलींपैकी साहिदीने 'येणारी', बोहायरीने चक्क 'उद्याची'. चौथ्या शतकात वुल्फिलाने गॉथिकमध्ये 'नित्याची' असा शब्द योजला. लॅटिनमध्ये अगदी आधीपासून 'कोतिदिआनुस', म्हणजे रोजचा, आणि युरोपच्या बहुतेक भाषांची 'रोजची भाकर' तिथूनच आली. मिलानचा बिशप अँब्रोज याने चौथ्या शतकात हे नेमकं टिपलंय: लॅटिन जिला रोजची म्हणतात तिला ग्रीक येणारी म्हणतात, कारण ग्रीकमध्ये एपिऊसा म्हणजे येणारा दिवस. दुसरीकडे धर्मोपदेशक क्रिसोस्टोम, तोही ग्रीकभाषक, म्हणतो की एपिऊसिओस म्हणजे एफेमेरोस, एका दिवसापुरती; पुढे जाऊ नका.

सगळ्यात गमतीचा जेरोम. ३८४च्या आसपास पोप दमासस याच्या सांगण्यावरून त्याने शुभवर्तमानांची लॅटिन प्रत सुधारली. मत्तयमध्ये एपिऊसिओसपाशी आल्यावर त्याने एपि म्हणजे 'सुपेर' आणि ऊसिआ म्हणजे 'सुब्स्तान्तिआ' अशी तुकड्याला तुकडा जोडत 'सुपेरसुब्स्तान्तिआलेम' असा शब्द पाडला, सत्त्वापलीकडची. लूकमध्ये मात्र जुना 'कोतिदिआनुम' तसाच ठेवला. एकच ग्रीक शब्द, एकच प्रार्थना, एकाच माणसाचा हात, आणि दोन ठिकाणी दोन अर्थ. त्यावर कडी म्हणजे ३९८मध्ये मत्तयवर भाष्य लिहिताना तोच नोंदवतो की इब्र्यांचं म्हणून जे शुभवर्तमान आहे त्यात या जागी 'माखार' सापडलं, म्हणजे उद्याची. ते शुभवर्तमान आता हरवलंय. ती एक ओळ जेरोमने सहज लिहून ठेवली नसती तर 'उद्या' पक्षाचा सेमिटिक साक्षीदार आपल्याला कधी कळलाच नसता. स्वतःच्या भाषांतराविरुद्ध जाणारा पुरावा स्वतःच नोंदवून ठेवणारी माणसं विरळा, आणि जेरोम काही मवाळ स्वभावाचा म्हणून प्रसिद्ध नाही.

सुपेरसुब्स्तान्तिआलेम लोकांच्या तोंडी बसला नाही. चर्चमध्ये प्रार्थना मत्तयच्या पाठाने चाले, पण भाकर लूकची राही. बाराव्या शतकात पीटर अबेलार्डने पॅराक्लीतच्या मठातल्या जोगिणींना मत्तयचाच शब्द म्हणायला लावला. क्लेअरवोचा बर्नार्ड तिथे आला, त्याच्या कानाला ते खटकलं, आणि अबेलार्डने त्याला खुलासा करणारं पत्र लिहिलं: प्रार्थना सगळी मत्तयकडून घ्यायची आणि मध्येच एक शब्द लूकचा घुसवायचा, हे कुठलं शास्त्र? तर्क बिनतोड आहे. तरीही जिभेने त्याला दाद दिली नाही. सहा अक्षरांच्या जागी नऊ अक्षरांचा शब्द भुकेच्या ओळीत म्हणायचा म्हणजे घास तोंडात फिरतो. लुथरने १५२९च्या आपल्या छोट्या धर्मपाठात उलट दिशेने वाट काढली. 'रोजची भाकर' म्हणजे काय, तर अन्न, पाणी, कपडे, जोडे, घर, शेत, गुरं, पैसा, चांगलं हवामान, चांगले शेजारी. शेवटी शेजाऱ्यांपर्यंत भाकर पसरवणं मला तरी सत्त्वातीत करण्यापेक्षा जास्त पटतं.

लूकच्या बाबतीत आणखी एक सांधा आहे आणि तो भाषांतरात हमखास निसटतो. मत्तयमध्ये 'दोस' आहे, एकदा दे, सोबत 'आज'. लूकमध्ये 'दिदू' आहे, देत राहा, सोबत 'दिवसागणिक'. म्हणजे लूकमध्ये रोजपणा क्रियापदात आणि क्रियाविशेषणात आधीच भरलेला आहे. तिथे एपिऊसिओसलाही 'रोजची' केलं तर 'रोजची भाकर रोज देत जा' होतं, तिसऱ्यांदा तेच. 'येणाऱ्या दिवसाची भाकर रोज देत जा' वाचून पाहा, वाक्यातली प्रत्येक वस्तू आपापलं काम करू लागते.

चौथी पायरी जमिनीतून येणाऱ्या पुराव्याची, आणि इथे विद्वानांची चांगलीच फजिती झाली. फ्लिंडर्स पेट्रीने इजिप्तमध्ये फय्यूमजवळच्या हवारा इथे उत्खनन केलं. तिथे मिळालेल्या पपायरसांत एक घरखर्चाची यादी होती, आणि ए. एच. सेस यांनी १८८९मध्ये छापलेल्या वाचनात एका ओळीत अर्ध्या ओबोलच्या रकमेजवळ 'एपिऊसि' अशी तुटकी अक्षरं होती. १९१५मध्ये ती यादी पपायरसांच्या मोठ्या संग्रहात ५२२४ क्रमांकाने आली, आणि पुढे १९२५मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की अरे, हा तर प्रार्थनेतला शब्द! किराणा यादीत आहे म्हणजे अर्थ 'रोजचा शिधा'. पुढची कितीतरी वर्षं शब्दकोशांत आणि भाष्यांत हा दाखला मिरवला. अडचण एकच: मूळ कागद कुणाला सापडेना. सेसच्या वाचनांवर फार विसंबू नये अशी कुजबूजही होतीच. अखेर १९९८मध्ये तो तुकडा अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात सापडला, आणि १९९९मध्ये दोन डच अभ्यासकांनी नवं वाचन प्रसिद्ध केलं. तिथे 'एलाइऊ' लिहिलेलं होतं. तेलाचे. घाईच्या घसटत्या हस्ताक्षरातल्या दोन-तीन अक्षरांनी सत्तर वर्षं तेलाची भाकर करून ठेवली होती. अर्थ चुकीचा ठरला असं नव्हे. फक्त त्याच्या नावावरचा एकुलता एक पुरावा गेला. ओरिगेन म्हणाला होता तेच पुन्हा खरं ठरलं.

आपल्याकडच्या भाषांनी या ओळीचं काय केलं हेही पाहण्यासारखं आहे. आर्तोससाठी मराठीने 'भाकर' निवडली, आणि ती निवड नामी आहे. ग्रीक आर्तोस काय किंवा हिब्रू लेखेम काय, दोन्ही शब्द भाजलेल्या पदार्थापासून निघून सबंध पोटापाण्यापर्यंत जातात. मीठभाकर, भाकरतुकडा, पोटाची भाकर म्हणणाऱ्या मराठीला हे समजावून सांगावं लागत नाही. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर. 'रोजची'तला रोज फारसीतून आलेला. रोजंदारी, रोजमुरा, रोजकीर्द अशा हिशोबी गोतावळ्यातला, त्यामुळे मजुरीचा वास त्याला आपोआप येतो. गोव्यात पोर्तुगिजांनी भाकरीला 'पांव' म्हणत प्रार्थना आणली, आणि त्यांच्या त्या शब्दाचा आपल्या पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीतला पाव झाला. पण कोंकणीने प्रार्थनेत पाव घेतला नाही. तिथे 'दिसपट्टो गिरास' आहे. गिरास म्हणजे ग्रास, घास. भाकरीपेक्षाही लहान माप.

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. त्या १९२२मध्ये गेल्या आणि पूर्ण ग्रंथ १९२४मध्ये छापून आला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १८९६-९७च्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींच्या दोन वेळची तजवीज त्यांना करावी लागली होती. ग्रीक कोश उघडून बसलेली आणि त्याच वेळी कोठारातलं धान्य मोजावं लागणारी अशी भाषांतरकार या शब्दाला फार थोड्या भाषांत मिळाली असेल.

मला विचाराल तर मराठीत या विशेषणाला सर्वांत जवळचा शब्द 'बेगमीची' असा होईल. 'उद्याच्या बेगमीची भाकर आज दे.' त्यात येणारा दिवसही आहे आणि पुरेसेपणाही. पण बेगमी म्हटलं की वर्षाचं धान्य, पापड-लोणचीही डोळ्यांपुढे येतात, आणि इथे तर एका दिवसाच्या पलीकडे काही मागितलेलं नाही. शिवाय 'रोजची' आता लाखो तोंडांत रुळलेली. ती ओळ बदलू नये. फक्त म्हणताना 'रोजची' आणि 'आज' यांच्यामधली ती फट कानाला जाणवू द्यावी.

या शब्दाने पुढे केलेला प्रवासही मोठा आहे. स्लाव्ह लोकांकडे जाताना भाषांतरकारांनी एपि आणि ऊसिआ यांची हुबेहूब नक्कल करून 'नासूश्नी' घडवला. त्यातला 'सूश्' आपल्या सत्-चाच नातेवाईक. आज रशियनमध्ये नासूश्नी म्हणजे तातडीचा, निकडीचा. वर्तमानपत्रं 'निकडीच्या समस्या' म्हणतात तेव्हा तोच शब्द येतो. आणि ग्रीसमध्ये, जिथल्या कुणीच तो पूर्वी बोलण्यात वापरला नव्हता असं ओरिगेन सांगून गेला, तिथे भाकर हे नामही गळून पडलं आणि विशेषणच उरलं. मासेमार असो की टॅक्सीवाला, सकाळी कामाला निघताना तो 'एपिऊसिओ' कमवायला चाललोय म्हणतो.